फाइल-विलोपन, सामूहिक

संगणकात साठविलेल्या अनेक फायली एकाच लिखित आदेशाने काढून टाकण्याची क्रिया. फायली हजारोंच्या संख्येने असतात तेव्हा पडद्यावर एकेक निवडून काढणे व्यवहार्य नसते. अशा वेळी या पद्धतीचा अवलंब करण्यात येतो.

युनिक्स प्रणालीच्या १९७१ मधील पहिल्या आवृत्तीपासून ‘आरएम’ हा आदेश यासाठी उपलब्ध आहे. त्याने मजकूर तत्काळ पुसला जात नाही, तर फाइलीचे नाव व मजकूर यांतील दुवा तुटतो. अखेरचा दुवा तुटल्यावर व फाइलीचा वापर थांबल्यावर तिने व्यापलेली जागा नव्या मजकुरासाठी मोकळी होते. या आदेशास कचरापेटीची सोय नसल्याने फाइल परत मिळण्याची शाश्वती नसते. समान शेवट असलेल्या अनेक नावांचा निर्देश तारकाचिन्हाने करतात. तारकेनंतर अनवधानाने एक रिकामी जागा सुटली, तरी त्या कप्प्यातील जवळजवळ सर्व फायली नष्ट होऊ शकतात.

दस्तऐवज-व्यवस्थापन प्रणालीत मजकूर सामान्यतः फायलींत, तर शीर्षक, दिनांक, आवृत्त्या व अधिकार यांच्या नोंदी स्वतंत्र माहितीसंचयात असतात. फायली परस्पर काढल्यास नोंदी निराधार उरतात. दस्तऐवजाचे नाव सापडते, पण तो उघडत नाही. म्हणून विलोपन प्रणालीच्या स्वतःच्या आदेशांनीच करावे लागते. उदा., अल्फ्रेस्को या प्रणालीत काढलेला दस्तऐवज प्रथम कचरापेटीत जातो. ती रिकामी केल्यावरही मूळ मांडणीनुसार मजकूर १४ दिवस राखला जातो.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत चुकीच्या संगणकावर दिलेल्या विलोपन-आदेशामुळे सु. ३०० गिगाबाइट माहिती नष्ट झाली. नियमित राखीव प्रती निरुपयोगी ठरल्या आणि सु. सहा तास आधीच्या एका प्रतीवरून काम पुन्हा उभे करावे लागले. मधल्या काळातील नोंदी गमावल्या. यास्तव आदेशापूर्वी फायलींची यादी व संख्या पडताळणे, तसेच राखीव प्रत खरोखर पूर्ववत करून पाहणे आवश्यक असते.

विलोपनाचा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. भारताच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ नुसार संगणकनिर्मित सामग्रीही अभिलेख ठरते व विहित पद्धतीवाचून ती नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. काय काढावयाचे, हा निर्णय आदेश लिहिण्यापूर्वीच व्हावा लागतो.