जबड्याचा तुकडा आणि रक्तातील साक्ष

१९३२ साली आजच्या हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे शिवालिकच्या खडकांत जी. एडवर्ड लुईस या अमेरिकन संशोधकास वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्या प्राण्याला त्याने ‘रामपिथेकस’ हे नाव दिले. १९६० नंतर आफ्रिकेतील तशाच अवशेषांची जोड मिळाली आणि हा प्राणी मानवाचा पूर्वज ठरला. मानव आणि कपी (चिंपँझी, गोरिला यांसारखे बिनशेपटीचे प्राणी) यांच्या वाटा निदान १.४ कोटी वर्षांपूर्वी विभागल्या, असे मानले जाऊ लागले. वस्तुतः जबड्याचा मधला भाग उपलब्धच नव्हता. त्याचा मानवासारखा कमानदार आकार हा अनुमानाचा भाग होता.

१९६७ साली बर्कली येथील व्हिन्सेंट सॅरिच व ॲलन विल्सन यांनी हाडांना स्पर्शही न करता हा प्रश्न हाताळला. त्यांचे साधन होते अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन. मानवाचे अल्ब्युमिन सशाला टोचले असता त्याच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे चिंपँझीच्या अल्ब्युमिनशी जवळजवळ तितक्याच जोराने अभिक्रिया करतात, माकडाच्या अल्ब्युमिनशी मात्र क्षीणपणे. ही क्षीणता म्हणजे प्रथिनात साचलेल्या बदलांचे माप होय. असे बदल साधारण एकाच गतीने साचत असतील, तर त्यांवरून काळही मोजता येतो. कपी आणि माकडे ३ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असे धरून त्यांनी गणित मांडले. मानव, चिंपँझी व गोरिला यांच्या समान पूर्वजाचा काळ आला अवघा ५० लाख वर्षांपूर्वीचा!

जीवाश्मतज्ज्ञांनी हा निष्कर्ष धुडकावला. त्यांचा संशय अगदीच अनाठायी नव्हता. रेणूंचे हे घड्याळ सर्वत्र एकाच गतीने चालत नाही, आणि ते लावण्यासाठी घेतलेले ३ कोटी वर्षे हे मापही जीवाश्मांवरूनच आलेले होते. परंतु पाकिस्तानातील पोटवार पठारावर सापडलेल्या शिवपिथेकसच्या चेहऱ्याचे वर्णन १९८२ साली प्रसिद्ध झाले, आणि तो ओरांगउटानशी मिळताजुळता निघाला. रामपिथेकस हा शिवपिथेकसचाच प्रकार असल्याने मानवाच्या पूर्वजपदावरून तो उतरला.

पुढे प्रथिनांऐवजी थेट डीएनएची तुलना होऊ लागली. चिंपँझी हा गोरिलापेक्षा मानवाला अधिक जवळचा आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. तरीही २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या गोरिलाच्या जनुकसंचाच्या अभ्यासात सुमारे ३० टक्के भागात गोरिलाच मानवाच्या किंवा चिंपँझीच्या अधिक निकट आढळला.