इंटरमिजिएटच्या पुढे काय?

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांमधून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन शासकीय रेखाकला परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आहेत. त्यांची मुळे एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात आहेत. जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा उभी राहिली. मुलांचा हात वळावा, नजर तयार व्हावी आणि कारागिरीला त्याचा उपयोग व्हावा, हा त्या काळच्या सरकारी कलाशिक्षणाचा सरळ व्यवहारी हेतू होता. आज दरवर्षी लाखो मुले या परीक्षांना बसतात. इतर राज्यांतील शिक्षकांना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे, हे प्रथमच नमूद केले पाहिजे.

तथापि ही शिडी दोनच पायऱ्यांची आहे. नववीत, फार तर दहावीच्या आरंभी, इंटरमिजिएट पदरात पडली की शाळेतील चित्रकला बहुतेक मुलांपुरती संपते. तेथून पुढे, म्हणजे ज्या वयात हात खऱ्या अर्थाने तयार होऊ लागतो त्या वयात, शाळा त्याला काहीही देत नाही.

2017 मध्ये शासनाने या परीक्षेला दहावीच्या निकालाशी जोडले. इंटरमिजिएटमध्ये ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्यास 7, ‘ब’ श्रेणीस 5 आणि ‘क’ श्रेणीस 3 वाढीव गुण द्यावयाचे ठरले. पाचशेपैकी सात म्हणजे 1.4 टक्के. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत एवढ्या अंतरात शेकडो मुले उभी असतात. साहजिकच परीक्षेला बसणाऱ्यांचा उत्साह वाढला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. मोबदला ज्या गोष्टीला जोडला जातो तिचेच उत्पादन वाढते. येथे मोबदला श्रेणीला जोडला गेला, चित्र काढता येण्याला नव्हे. म्हणून बाजारात मार्गदर्शक पुस्तके आली. त्यांत भाजीबाजार, पावसातील रस्ता, बसथांबा अशी ठरावीक दृश्ये तयार असतात आणि मुले तीच घोटून जातात. स्मरणचित्राच्या प्रश्नपत्रिकेत मुलाने स्वतः पाहिलेले जग आठवून काढावे अशी अपेक्षा आहे. त्याला आठवते ते पुस्तकातील पान! स्मरणशक्तीची परीक्षा होते हे मात्र खरे.

आता दुसरे टोक पाहू. बारावीनंतर उपयोजित कला, चित्रकला, शिल्पकला यांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आहे. तिच्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची प्रात्यक्षिके असतात. वास्तुशास्त्राच्या प्रवेश परीक्षेतही रेखाटनाची कसोटी असते. म्हणजे शासन चौदाव्या-पंधराव्या वर्षी एकदा हात तपासते, मध्ये तीन वर्षे त्या हाताकडे पाहत नाही आणि अठराव्या वर्षी तोच हात अधिक कठोरपणे तपासते. मधल्या तीन वर्षांचे शिक्षण कोणी द्यावयाचे? उत्तर मुंबई-पुण्याच्या खाजगी वर्गांनी दिलेले आहे आणि त्याची किंमतही त्यांनीच ठरवलेली आहे. ज्याला ती परवडते त्याचा मुलगा कलाशाळेत किंवा वास्तुशास्त्राकडे जातो. गडहिंग्लज किंवा अंबाजोगाईच्या शाळेत ‘अ’ श्रेणी मिळवलेली शिक्षकाची किंवा कारकुनाची मुलगी प्रमाणपत्र कपाटात ठेवून वाणिज्य शाखेला नाव घालते. उच्च माध्यमिक मंडळाच्या विषयसूचीत चित्रकला आहे. पण ती शिकवणारी कनिष्ठ महाविद्यालये इतकी थोडी की बहुतेक तालुक्यांना या सोयीचा पत्ताच नसावा.

पुढच्या वर्गात शिकण्यासारखे असते तरी काय, असे कोणी विचारील. खिडकीतून तिरपा येणारा प्रकाश तांब्याच्या घागरीवर पडला की तिच्या सावलीतही शेजारच्या पिवळ्या कापडाचा रंग उतरतो, हे पाहावयास शिकावे लागते. कापडाची घडी कोठे दुमडते आणि कोठे ताणली जाते, बसलेल्या माणसाचे वजन कोणत्या अंगावर येते, जलरंगात कोरा कागद कोठे राखून ठेवावा, ही विद्या पुस्तकावरून नक्कल करून येत नाही. समोर वस्तू हवी, माणूस हवा, सलग तीन तास हवेत आणि चूक दाखवणारा जाणता शिक्षक हवा. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, साठ मुलांच्या वर्गात, यांतले काहीही शक्य नाही.

एका शिक्षकाच्या नजरेने काय होऊ शकते याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सावळाराम हळदणकर हे सावंतवाडीचे. शाळेतच त्यांचे गुण हेरले गेले आणि संस्थानाच्या मदतीने ते मुंबईच्या कलाशाळेत पोहोचले. पुढे 1908 मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची चित्रशाळा काढली. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील त्यांची दीपधारी स्त्री पाहण्यासाठी लोक आजही थांबतात. संस्थाने गेली, त्यांच्या जागी जे शासन आले त्याने हे काम आपले मानलेले दिसत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असल्यास कलाशिक्षणासाठी निदेशक सांगितला, तोही अर्धवेळ. नववीपासून पुढे कायदा बोलतच नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि विज्ञान यांमधील भिंत पाडण्याची भाषा केली आहे, ती स्वागतार्ह आहे. भिंत पाडणाऱ्याचे वेतन कोणत्या लेखाशीर्षाखाली पडेल, तेवढे कळावयास हवे.

प्रत्येक शाळेत प्रगत वर्ग काढा, असे कोणी म्हणणार नाही. एका शाळेत अशी मुले चार-पाचच निघतील आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र शिक्षक नेमणे खर्चाच्या हिशेबात बसणार नाही. पण तालुक्यातील दहा-बारा शाळांची मुले एकत्र केली तर चाळीस-पन्नासांचा वर्ग सहज भरतो आणि खर्च दरडोई उतरतो. मोठ्या खिडक्यांचे सभागृह असलेली एखादी शाळा तालुक्याच्या गावी असतेच. रविवारी ती रिकामी असते. इंटरमिजिएटची ‘अ’ किंवा ‘ब’ श्रेणी हीच प्रवेशाची अट ठेवावी, म्हणजे निवडीसाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागणार नाही. कागद आणि रंग शासनाने द्यावेत, कारण गळती तेथेच होते. चांगला कागद महाग असतो आणि गरीब घरातील मूल तो वाया जाईल या भीतीने जपून, आखडून काढते. बाहेरगावच्या मुलांना एस. टी.चा पास द्यावा. आणि शेवटी या वर्गासाठी वाढीव गुण मुळीच ठेवू नयेत, नाहीतर पुस्तकवाले तेथेही येऊन पोहोचतील.

शिक्षक मिळणार नाहीत, ही सबब ऐकून घेण्याचे कारण नाही. कलाशिक्षक पदविका किंवा रेखा व रंगकलेची पदविका घेतलेली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांतील कित्येकांनी पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवून संसार केला; फ्लेक्सचे छापील फलक आल्यावर तेही काम गेले. आज कोणी गणपती रंगवतो, कोणी त्याच फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसतो. त्यांना रविवारच्या तीन तासांचे योग्य मानधन आणि वर्षभराचे लेखी आश्वासन द्यावे. ते महिना उलटून चार महिने झाल्यावर नव्हे, वेळच्या वेळी पोहोचावे.