मुळ्यांच्या पेटीतले बाळ

सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर आम्ही सगळ्यांनी मिळून ‘कुंग फू पांडा 2’ पाहिला. जेनिफर यू नेल्सन यांनी दिग्दर्शित केलेला हा 2011 सालचा चित्रपट. त्याने जगभरात 66 कोटी डॉलरहून अधिक कमाई केली आणि ऑस्करचे नामांकनही मिळवले. चीनमध्ये बहिष्काराची हाक दिली गेली, तरी तिथेही प्रेक्षकांनी गर्दीच केली.

मुले गुबगुबीत पांडा ‘पो’च्या फजितीवर हसली. आमच्या मनात मात्र वेगळीच गोष्ट घर करून राहिली. पोचे वडील मिस्टर पिंग नूडल्सचे दुकान चालवतात आणि ते चक्क हंस आहेत! पहिल्या भागात ही गंमत होती, दुसऱ्या भागात तिचा प्रश्न होतो. ऐन लढाईत शत्रूच्या अंगावरची एक खूण पाहून पोला आईची पुसट आठवण येते आणि तो मार खातो. घरी येऊन तो आपल्या जन्माविषयी विचारतो, तेव्हा पिंग खरे ते सांगतात. दुकानामागे मुळ्यांच्या पेटीत एक भुकेले बाळ सापडले होते. त्यांनी त्याला न्हाऊमाखू घातले, जेवू घातले आणि आपलेच म्हणून वाढवले.

पण सांगायला उशीर झाला होता. शेन नावाचा दुष्ट मोर पोच्या मनात भरवतो की तो आईबापांना नकोसा होता. प्रत्यक्षात आईने त्याला वाचवण्यासाठीच लपवले होते. घरात वेळेवर न सांगितलेली गोष्ट शत्रूने आपल्या सोयीने सांगितली.

इथे आम्हाला हजरत जैद बिन हारिसा (रजि.) आठवले. त्यांचे वडील न्यायला आले, तेव्हा त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ राहणेच पसंत केले. लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. पुढे सूरह अहजाबमध्ये आदेश आला की अशा मुलांना त्यांच्या खऱ्या पित्याच्या नावानेच हाक मारावी. नाव बदलले, माया तसूभरही कमी झाली नाही.

आपल्याकडेही यतीम भाचा किंवा पुतणी मायेने सांभाळणारी घरे आहेत. अल्लाह त्यांना याचे मोठे फळ देवो. मात्र शाळेत प्रवेश देताना आम्ही पाहतो, जन्मदाखल्यावर एक नाव असते आणि अर्जावर दुसरे. शेजारी उभ्या मुलाला काहीच ठाऊक नसते. मग एखाद्या दिवशी वर्गातला कुणी टोमणा मारतो किंवा निकाहाच्या वेळी गोष्ट उघडी पडते.

चित्रपटाच्या शेवटी सारे कळल्यावरही पो पिंगकडेच परततो आणि मी तुमचाच मुलगा, असे सांगतो. खरे कळल्याने नाते तुटले नाही.

चित्रपट मुलांबरोबर बसून पाहा, कारण आई दुरावण्याचा प्रसंग लहानग्यांना रडवतो. आणि तुमच्या घरी असे मूल असेल, तर बाहेरच्या कुणी सांगण्याआधी त्याला जवळ घेऊन, त्याच्या वयाला समजेल असे, तुम्हीच सांगा.