प्रत्येक दुखणे मूळव्याधीचे नसते

शौचाच्या वेळी ब्लेडने कापल्यासारखी वेदना, लाल रक्ताचे दोन-चार थेंब आणि नंतर तासभर ठणका. असा त्रास सुरू झाला की बहुतेक जण ‘मूळव्याध’ समजून दुकानातून मलम आणतात. प्रत्यक्षात हे दुखणे अनेकदा फिशरचे, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेचे असते. साध्या मूळव्याधीत रक्त पडते, पण सहसा दुखत नाही.

मल कडक झाला की चीर पडते. वेदनेने आतला स्नायू आवळला जातो, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि जखम भरत नाही. दुखेल या भीतीने रुग्ण शौचाला जाणे टाळतो. मल आणखी कडक होतो. हे चक्र तोडणे हाच उपचार.

त्यासाठी भरपूर पाणी, भाकरी, पालेभाज्या, रात्री इसबगोल आणि शौचानंतर १० ते १५ मिनिटे कोमट पाण्याच्या टबात बसणे. डॉक्टरांनी दिलेले डिल्टियाझेमचे मलम स्नायू सैल करते. ते साधारण ६ ते ८ आठवडे लावावे लागते. दुखणे थांबताच सोडू नये. नवी चीर बहुधा एवढ्याने भरते. जुनी भरली नाही, तर छोटी शस्त्रक्रिया करतात.

मात्र चाळिशीनंतर रक्त पडू लागले, वजन घटले किंवा शौचाची सवय बदलली, तर घरी अंदाज बांधू नये. गुदाशयाचा कर्करोगही कधी कधी ‘मूळव्याध’ म्हणून अंगावर काढला जातो. पहिली तपासणी काही मिनिटांचीच असते. लाजेपोटी ती टाळू नये.