ट्रिगरच्या डावीकडे

आपल्याकडच्या प्रयोगशाळांत ऑसिलोस्कोपला आजही सरसकट ‘सीआरओ’ म्हणतात. त्यातली कॅथोड रे ट्यूब जाऊन जमाना झाला, नाव तेवढं चिकटून राहिलं.

खऱ्या सीआरओला आठवण अशी नव्हतीच. 1947 च्या टेक्ट्रॉनिक्स 511 मध्ये सिग्नलने ठरलेली पातळी ओलांडली की ट्रिगर बसायचा आणि ठिपका डावीकडून उजवीकडे निघायचा. त्याआधीचं सगळं गेलं ते गेलंच. निदान ट्रिगरची कड तरी दिसावी म्हणून पुढे सिग्नलच डिले लाइनमधून किंचित उशिरा आणू लागले. 1963 च्या 564 मध्ये रेघ पडद्यावर टिकू लागली, पण तीही ट्रिगरनंतरचीच.

1970 च्या दशकात डिजिटल स्कोप आले आणि ट्रिगरचा अर्थच उलटला. पूर्वी तो ‘निघा’ म्हणायचा, आता ‘थांबायच्या तयारीला लागा’ म्हणू लागला. आत रहाटगाडगं चालू असतं. एडीसी सिग्नलचे नमुने मोजतो, ते ओळीने मेमरीत पडतात आणि शेवटचं घर भरलं की पुन्हा पहिल्या घरावर लिहिणं सुरू होतं. ट्रिगर आला की त्या घराचा पत्ता नोंदवून काउंटर उलटा मोजायला लागतो. 2500 घरं आहेत आणि ट्रिगर मधोमध हवा, तर आणखी 1250 नमुने घ्यायचे आणि लिहिणं थांबवायचं. उरलेली 1250 घरं ट्रिगरपूर्वीची. शेवटी लिहिलेल्या घराच्या पुढचं घर सर्वांत जुनं, वाचायला तिथून सुरुवात. आधीची घरं भरेपर्यंत आलेला ट्रिगर स्कोप मोजतच नाही, हे मात्र नवख्याला कोणी सांगत नाही.

1997 च्या टेक्ट्रॉनिक्स टीडीएस 210 मध्ये दर चॅनेलला हीच 2500 घरं होती. पॅनेलवर मात्र ऐटीत ‘1 जीएस/एस’ छापलेलं. नॅनोसेकंदाला एक नमुना घेतला तर मेमरी अडीच मायक्रोसेकंदांत भरते. पडद्यावर 100 मिलिसेकंद हवेत, तर स्कोप गुपचूप सेकंदाला 25,000 नमुन्यांवर उतरतो, म्हणजे दोन नमुन्यांत 40 मायक्रोसेकंदांचं अंतर. 1,15,200 बॉडच्या सीरियल लाइनवर एक बिट जेमतेम 8.7 मायक्रोसेकंदांचा. मग दिसतं ते काय, हे देवच जाणे!

मेमरी नुसती वाढवूनही भागत नाही. ती वाचून चित्र काढेपर्यंत नवीन नमुने घेणं थांबलं, तर स्कोप तेवढा वेळ आंधळा. ह्यूलेट-पॅकार्डने 1996 मध्ये 54645 मालिकेत चॅनेलमागे 10 लाख घरं दिली आणि ती उपसायला खास चिप बसवली. स्वस्तात खोल मेमरी यायला 2014 उजाडावं लागलं. 399 डॉलरच्या रिगोल डीएस1054झेडमध्ये 1 कोटी 20 लाख घरं होती. चारही चॅनेल लावले की वाट्याला 30-30 लाख, पण तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

तसाच एक स्कोप टेबलावर आल्यावर अधूनमधून रीसेट होणारा एक कंट्रोलर बोर्ड मी पुन्हा काढला. जुन्या स्कोपवर त्याच्यापायी दोन दिवस घालवले होते. ट्रिगर रीसेटच्या पडत्या कडेवर लावला, तोही पडद्याच्या पार उजवीकडे, आणि चहा घ्यायला गेलो. परत येऊन डावीकडे सरकत गेलो. रीसेटच्या 3 मिलिसेकंद आधी 5 व्होल्टच्या लाइनवर एक बारीक खड्डा होता. रिले ओढला जातानाचा.