सरगूरच्या पिन कोडाचं गणित

मैसूर जिल्ह्यात कपिला नदीकाठी सरगूर आहे. त्याचा पिन कोड ५७११२१. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, मराठी माणूस आणि संस्कृत कवीसुद्धा. पहिला ५ टपालाचा विभाग सांगतो, पहिले तीन अंक छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. टपालाला एवढं पुरतं. पण ही एक संख्याही आहे, आणि तिची जातकुळी काढता येते.

आधी अवयव पाहू. संख्येला १९ ने भाग जातो का, हे तपासायची एक सोपी रीत आहे: शेवटचा अंक काढायचा, त्याची दुप्पट उरलेल्या संख्येत मिळवायची आणि असंच करत राहायचं. ५७११२१ वरून ५७११४, मग ५७१९, ५८९, ७६ आणि शेवटी १९. भाग जातो! भागाकार येतो ३००५९. त्याचं वर्गमूळ पूर्णांक नाही, ते १७३ च्या जरा पुढे आहे. म्हणून १७३ पर्यंतच्या चाळीस मूळ संख्यांनी भागून पाहिलं की झालं. एकीनेही भाग जात नाही, म्हणजे ३००५९ मूळ आहे. ५७११२१ ही अशी दोनच मूळ संख्यांचा गुणाकार आहे.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी दाखवलेल्या वाटेवर सापडते. अंकांच्या बेरजेने भाग गेला तर ती त्यांची ‘हर्षद’ संख्या. इथे बेरीज १७, भागल्यावर बाकी ६ उरते. हर्षद नाही.

त्यांचा दुसरा प्रश्न मला अधिक सुंदर वाटतो. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. नवी संख्या जन्मते. २१ मधून २४ येते. मग जी कुणापासूनच जन्मत नाही, ती स्वयंभू.

५७११२१ ची जननी असेलच तर ती कुठे शोधायची? या टापूत अंकांची बेरीज ४० च्या वर जात नाही, म्हणून शोध ५७१०८१ पासून पुढेच. शिवाय संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागलं की बाकी सारखीच उरते. त्यामुळे नव्या संख्येची बाकी जननीच्या बाकीच्या दुपटीतून येते. ५७११२१ ची बाकी ८, तेव्हा जननीची ४ च हवी. उमेदवार उरतात पाच: ५७१०८१ वरून ५७११०३ मिळते, ५७१०९० वरून ५७१११२, ५७१०९९ वरून ५७११३०, ५७११०८ वरूनही ५७११३० आणि ५७१११७ वरून ५७११३९. आपली संख्या मधल्या मध्ये सुटली! सरगूरचा पिन कोड स्वयंभू आहे.

तिच्यापुढे नवावर असलेल्या ५७११३० ला मात्र दोन जननी. अशा संख्यांना कापरेकर ‘जंक्शन’ म्हणत.

स्वयंभू संख्या साधारण दहात एक भेटते. कागद-पेन्सिल घ्या आणि आपल्या गावचा पिन कोड तपासून पाहा.