निळ्या हंसांचा मुलूख

अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या पाणथळीत हिवाळाभर थव्यांनी उतरणारा निळा हंस वसंत लागताच उत्तरेकडे निघून जाई खरा, परंतु तो अंडी कोठे घालतो, हे विसाव्या शतकाची पंचवीस वर्षे उलटली तरी पक्षिशास्त्राला उमगले नव्हते. कॅनडातील निसर्गाभ्यासक ड्यूई सोपर यांनी या एका प्रश्नापायी सहा वर्षे खर्ची घातली, आर्क्टिकमधील बॅफिन बेट पालथे घातले, आणि अखेर 1929 च्या जूनमध्ये त्या बेटाच्या नैर्ऋत्येस, बोमन उपसागराच्या काठी, त्यांना ती घरटी आढळली. शास्त्राला पडलेले हे कोडे तेथील इनुइट शिकाऱ्यांना मुळी कोडे नव्हतेच. सोपर यांना ठावठिकाणा मिळाला तो त्यांच्याचकडून.

वृक्ष औषधालाही न सापडणारा हा सपाट, दलदलीचा मुलूख, एकूण 8,159 चौरस किलोमीटर, कॅनडा सरकारने 1957 साली सोपर यांच्या नावाने स्थलांतरित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून राखून ठेवला. पुढे 1973 मध्ये निळा हंस ही स्वतंत्र जाती नसून हिमहंसाचेच गडद रूप आहे, असे पक्षिशास्त्रज्ञांनी मान्य केले.

जूनमध्ये बर्फातून जमीन डोकावू लागते न लागते तोच मादी आपल्याच छातीची मऊ पिसे घरट्यात अंथरून चार-पाच अंडी घालते व सुमारे तेवीस दिवस ती उबवते. पिल्ले दिवसभरात घरटे सोडून चालू लागतात. आणि नेमकी याच सुमारास आईबापांचीही उड्डाणपिसे गळून पडत असल्याने अवघे कुटुंब काही आठवडे पायीच हिंडते. या दिवसांत त्यांना बुजवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे होय. म्हणूनच अशा अभयारण्याच्या हद्दीत घरट्याला हात लावण्यास मनाई आहेच, परवान्यावाचून बंदूक बाळगता येत नाही, आणि कुत्रे किंवा मांजर मोकाट सोडणे हाही गुन्हा ठरतो. मांजरापर्यंत पोहोचणारा हा जाबता मला तरी शहाणपणाचा वाटतो.

कायद्याची दुसरी बाजू मात्र तितकी गौरवास्पद नाही. 1916 साली अमेरिका व ब्रिटन यांच्यात कॅनडाच्या वतीने झालेल्या तहान्वये 10 मार्च ते 1 सप्टेंबर या काळात हंसांच्या शिकारीस बंदी होती, आणि हंस आर्क्टिकात असतात ते बव्हंशी याच काळात! ज्यांनी घरट्यांची वाट दाखवली, त्यांचे पिढीजात अन्न कागदोपत्री बेकायदा ठरले. ही तफावत दूर करणाऱ्या दुरुस्तीवर 1995 मध्ये सह्या झाल्या आणि ती 1999 मध्ये अमलात आली.

तोवर संकटाने दिशाच बदलली होती. दक्षिणेकडील भाताच्या व मक्याच्या शेतांत सांडलेल्या दाण्यांवर हिवाळा सुखाने कंठून हिमहंस भरमसाट वाढले. दातेरी कडांच्या चोचीने ते गवत मुळासकट उपटतात. उघडी पडलेली माती उन्हाने सुकते, खालचा क्षार वर चढतो, आणि त्या खारट चिखलात पुन्हा गवत धरत नाही. हडसन उपसागराच्या किनाऱ्यावर अशी उजाड मैदाने पसरलेली आहेत. दाणा सांडतो त्या शेतांवर अभयारण्याच्या अधिकाऱ्याचा अंमल चालत नाही. त्याच 1999 साली अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांनी, संख्या घटावी म्हणून, इतर शिकाऱ्यांनाही वसंतातल्या शिकारीचे परवाने खुले केले. पण नुसत्या बंदुकीने ती आटोक्यात आली नाही.